टेबलावरचं झांझिबार

माझी अम्मा कुणावर म्हणून विश्वास ठेवायची नाही. मासळीवाल्याने जुबैदीचा कल्ला उघडून दाखवला, लालबुंद, तरी ती म्हणणार, "वरचा ताजा ठेवलायस, खालचे दाखव." जुबैदी म्हणजे आपला पापलेट हो, कुवेतच्या बाजारात त्याचं नाव तेवढं बदलतं. अब्बांना नमाजहून यायला जरा उशीर झाला की वाटेत कोण भेटलं, काय बोललं, आणि आजच का बोललं, इथपर्यंत चौकशी. पाण्याचा टँकर लवकर आला तरी संशय, उशिरा आला तरी संशय. शेजारच्या बंगल्याचा ड्रायव्हर पेट्रोल चोरतो असं ती वर्षभर म्हणत होती. शेवटी तो बिचारा दुपारी गाडीत निजतो एवढंच निघालं. मी तिला तोंडावर म्हणायचे, "अम्मा, तुझ्या पोटात पोलीसचौकी आहे." ती म्हणायची, "असू दे. तुझ्या बापाच्या पोटात धर्मशाळा आहे."

आम्ही तेव्हा कुवेतच्या शर्क भागात राहत होतो, साहेबाच्या बंगल्यामागच्या एका खोलीत. साहेब एका परदेशी वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर होता. कुठल्या देशाची वकिलात ते सांगणार नाही. अब्बांनी तेव्हा शपथ घातली होती, आणि बाकी कुणी काही केलं असलं तरी मी ती मोडलेली नाही. अब्बांचं नाव हुसेन. आधी जहाजावर स्टुअर्ड होते, मग या साहेबाचे बटलर झाले. अम्मा, झुलेखा, मेमसाहेबांचं सगळं बघायची, इस्त्रीपासून केसांच्या पिनांपर्यंत. आमचं मूळ गाव दाभोळच्या खाडीकाठचं. मी आमिना, तेव्हा एकोणीसची, शिवण शिकलेली, तोंडाने फटकळ. ते शिकावं लागलं नाही.

अम्मा-अब्बा दोघांनाही इंग्रजी चांगलं कळायचं. पण कळतं हे दाखवायचं नाही, हा त्या नोकरीचा पहिला धडा. "आपण खुर्च्या आहोत," अब्बा म्हणायचे. "खुर्चीसमोर माणूस काहीही बोलतो."

त्या लोकांची एक रीत होती. रात्रीचं जेवण झालं की बायका उठून बैठकीच्या खोलीत जायच्या आणि पुरुष टेबलापाशीच बसायचे. पुरुषांकडे अब्बा उभे असायचे, कॉफी आणि सिगारची पेटी घेऊन. बाटलीला ते हात लावत नसत, ती साहेबलोक आपापसांत फिरवायचे. बायकांकडे अम्मा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं खोलीत भात जेवायला बसलो की अब्बा त्यांचा अर्धा भाग आणायचे, अम्मा तिचा. आणि ते दोन अर्धे कधी म्हणजे कधी जुळायचे नाहीत.

एकसष्ट साली तेच झालं होतं. इराकने जाहीर केलं की कुवेत आमचाच आहे. टेबलावर साहेबलोक म्हणाले, बोलण्यापलीकडे काही नाही, काळजीचं कारण नाही. अब्बांनी येऊन आम्हाला तेच सांगितलं, छाती फुगवून. अम्मा म्हणाली, "हो का? मग काल बाईने माझ्याकडून चांदीचे चमचे टॉवेलांत का गुंडाळून घेतले?" थोड्याच दिवसांत परदेशी फौज उतरली, रस्त्यावर रणगाडे. लढाई झाली नाही ती गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून अम्माचं ठरलं, खरं काय ते बायकांच्या खोलीत कळतं.

आता माझं सांगते. माझं लग्न ठरलं होतं इद्रीसशी. तो झांझिबारला, बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीत. आमच्याच गावचे ते, त्याचे वडील तिकडे गेले आणि तिकडेच वारले. आता आई रबिया आणि तो, दोघंच. आदल्या वर्षी तो कुवेतच्या एका गलबतावरून इथे आला होता, छपरांना लागणारी लाकडं घेऊन ती गलबतं झांझिबारहून यायची. आठवडाभर राहिला. येताना लवंगांची पिशवी आणली, तिच्या वासाने आमची खोली महिनाभर दरवळत होती. मला तो आवडला, यात लपवायचं काय? हसताना डोळे बारीक करायचा. मागणी आली तेव्हा मी अब्बांच्या आधी हो म्हणून बसले होते.

ठरलं असं की झांझिबारला डिसेंबरात स्वातंत्र्य मिळेल, धामधूम सरेल, मग अब्बा मला बोटीने घेऊन जातील आणि निकाह तिकडेच होईल. इद्रीसला रजा मिळणं कठीण होतं म्हणून. अम्मा गप्प होती. ती का गप्प ते मला ठाऊक होतं. गावात कुणाच्या तरी वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला, रबियाखाला सगळ्या बायकांदेखत म्हणाली होती, "झुलेखाची सांदणं बसलीत गो, फुगलीच नाहीत." त्याला पंधरा वर्षं झाली असतील. अम्मा ते वाक्य अजून जपून होती, पेटीतल्या शालूसारखं.

त्रेसष्टच्या जुलैत झांझिबारला निवडणूक झाली. त्याच महिन्यात साहेबाकडे एक पाहुणा आला, बायकोला घेऊन. त्याचं कामच ते, आफ्रिकेत कुठे निवडणूक झाली की जाऊन बघायचं आणि मग गावोगावच्या वकिलातींत जेवत सांगत फिरायचं. उन्हाळ्यात बहुतेक मेमसाहेबा आपल्या देशी पळायच्या, आमची त्या वर्षी अजून निघाली नव्हती. म्हणून दोन्ही खोल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा खुशीत होते. चमचा सिगारसारखा धरून पाहुण्याची नक्कल करत म्हणाले, "मोजणी स्वच्छ झाली! एका बाजूला मतं जास्त पडली, दुसऱ्या बाजूला जागा जास्त आल्या. जागा ज्यांच्या जास्त, ते सरकार करणार. सुलतान आहे तिथेच राहणार. निकाल उपयोगाचा आहे."

"कुणाच्या उपयोगाचा?" अम्माने विचारलं.

"अगो, तसं म्हणतात ते. म्हणजे बरा आहे."

"आणि ज्यांना मतं जास्त पडली ते? ते काय टाळ्या वाजवतायत?"

"साहेबाने तेच विचारलं," अब्बा म्हणाले. "पाहुणा बोलला, रागावलेत, पण राग आटोक्यातला आहे. काँगोसारखी कापाकापी होणार नाही. मग बंदराचं बोलले, लवंगांचं बोलले, रशियाचं चीनचं बोलले. मग केनियावर गेले. चीज येईपर्यंत अर्धी आफ्रिका झाली होती."

"राग आटोक्यातला!" अम्माने भात कालवायचा थांबवला. "आपल्या जमातीत मशिदीच्या कारभाराला मुतवल्ली निवडला तेव्हा काय झालं? एका मताने मेहबूबमियाँ पडला, तर वर्षभर लोक एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत. इथे तर जास्त मतांचा पडलाय. आणि कोण म्हणतं आटोक्यातला? ज्याच्यावर राग नाही, तो."

अब्बांनी चमचा खाली ठेवला. "बरं. तुझ्या खोलीत काय बोलले?"

अम्माने आधी दाराकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "पाहुण्याच्या बायकोची बहीण तिथे आहे. नवरा तिथल्या सरकारात अधिकारी. ही म्हणाली, मी तिला कळवलंय, नाताळपर्यंत थांबू नकोस. बहिणीने मुलांना मोंबासाला पाठवलं, पियानो पाठवला. आता एवढंच राहिलंय, पोपट कुणाकडे द्यायचा. तासभर त्या पोपटावर बोलल्या. आपली बाई म्हणाली, इकडे आणा, मी सांभाळते."

"मग?"

"मग काय? पोपटाची सोय लागली. माझ्या आमिनाची कोण लावणार?"

अब्बा हसले. म्हणाले, "स्वातंत्र्य मिळालं की परदेशी अधिकारी जाणारच. त्यांच्या बायका आधी जातात, सामान आधी जातं. यात भ्यायचं काय आहे?" आणि खरं सांगते, मलाही तेच पटलं. पटण्यासारखंच होतं ते. मी म्हटलं, "अम्मा, तुला झांझिबारची भीती नाही. तुला सांदणांची आठवण आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा घास गिळायला विसरले. पण ती नाही म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

त्यानंतर तिने जी चूक केली ती आमच्यासारखी माणसंच करतात. ज्याचं मीठ खातो त्याला सरळ विचारलं तर तो सरळ सांगेल, असं आपल्याला वाटतं. एवढी संशयी बाई, पण तिलाही वाटलं. एका सकाळी मेमसाहेबांचे केस विंचरताना तिने आपल्या त्या ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, माझी मुलगी लग्न होऊन झांझिबारला जायचीय. पाठवू का नको?"

मेमसाहेब आरशात बघत होत्या. आरशातूनच त्यांनी अम्माकडे बघितलं, आणि अम्मा सांगायची, ती नजर भीतीची नव्हती की दयेची नव्हती. खुर्ची बोलली तर माणूस कसा बघेल, तशी ती होती. "तुला असं विचारायला कुणी सांगितलं?" एवढंच त्या बोलल्या. मग म्हणाल्या, "आज केस मीच बांधते."

दुपारी साहेबाने अब्बांना बोलावलं. झांझिबारला कोण आहे? किती दिवसांपासून? पत्रं कोण लिहितं, कुठल्या भाषेत लिहितं? बाजारात कुणाकुणाजवळ उठबस आहे? आवाज चढवला नाही, उलट खुर्ची दिली बसायला. अब्बा म्हणायचे, त्या खुर्चीनेच माझा घाम काढला. शेवटी साहेब म्हणाला, "हुसेन, टेबलावरचं टेबलावर राहिलं पाहिजे. एक शब्दही त्या बेटावर गेला तर मला कळेल." आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, साहेबाच्या नावावर होता. त्याने सही मागे घेतली असती तर आम्ही पुढच्या बोटीने मुंबईला.

त्या आठवड्यापासून जेवणाच्या खोलीचं दार लागायला लागलं. अब्बांनी कॉफीची ट्रे बाहेरच्या तिपाईवर ठेवायची आणि निघायचं. इतकी वर्षं त्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला माणूस. दोन दिवस धड जेवले नाहीत.

"बघितलंत?" अम्मा म्हणाली. "दार लावलं म्हणजे आत काहीतरी शिजतंय."

"दार लावलं कारण तू तोंड उघडलंस!" अब्बा ओरडले. तिच्यावर ओरडताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

दोघंही बरोबर असतील. आता त्याचा निवाडा कोण करणार?

पण अम्मा थांबणारी नव्हती. तिला खात्री नव्हती, खात्री असती तर तिने लग्नच मोडलं असतं आणि मी आयुष्यभर तिचं तोंड बघितलं नसतं. तिने वेगळीच वाट काढली. एके दिवशी मसाला वाटता वाटता म्हणाली, "आपल्यात मुलीचा निकाह मुलीच्या दारात होतो. मुलीला गाठोड्यासारखी नेऊन पोचवायची, ही कुठली रीत? लिहा इद्रीसला. रजा काढ म्हणावं. निकाह इथे, मग ने तुझी बायको."

अब्बांचा चेहरा एकदम मोकळा झाला. खरं कारण न सांगता पुढे करता येईल असं कारण मिळालं होतं. त्यांनी लगेच कागद घेतला. अम्मा प्रत्येक ओळ ऐकत होती, कारण तिची खात्री होती की पत्रं उघडली जातात. निवडणूक हा शब्द नाही, स्वातंत्र्य हा शब्द नाही, बेट हा शब्ददेखील नाही. रीत, रिवाज, मुलीची हौस, एवढंच.

लिहून होत आलं तेव्हा अब्बा म्हणाले, "रबियालाही बोलावतो. मुलाच्या निकाहला आई नको?"

अम्माचा हात थांबला. "निजवू कुठे? माझ्या डोक्यावर? एक खोली आहे. जावई येणार, त्याची सोय करता करता नाकी नऊ येतील."

"साहेबाच्या कोठीघरात..."

"साहेबाच्या कोठीघरात? झांझिबारची बाई? आत्ताच्या दिवसांत? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आणि अख्खं घर बोटीत बसलं तर लोक विचारतील की, का निघालात. मग ते विचारणं इथपर्यंत येईल. त्यापेक्षा लिहा, तुम्ही घरी राहा, सुनेला दारात ओवाळायला सासू लागते."

मी कोपऱ्यात काजं करत बसले होते. मी पुटपुटले, "आणि सांदणं?"

अम्माने काही उत्तर दिलं नाही. अब्बांनी तसंच लिहिलं.

रबियाखालाचं उत्तर आलं, तिच्या सांगण्यावरून इद्रीसने लिहिलेलं. रीत ती रीत, तिला मान्य होतं. माडीवरची खोली ती चुन्याने रंगवून घेणार होती. आणि झुलेखाला माझा सलाम, तुझी मुलगी माझ्या डोळ्यांवर, असं शेवटी होतं. अम्माने ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "गोड बोलतेय. का बरं एवढी गोड बोलतेय?"

डिसेंबरात स्वातंत्र्याचा सोहळा झाला. इद्रीस त्यानंतर निघाला, मोंबासाहून मुंबई, मुंबईहून कुवेतची बोट. जानेवारीच्या सुरुवातीला तो दारात उभा राहिला, थंडीने कुडकुडत. कुवेतची थंडी त्याला ठाऊक नव्हती. पुन्हा लवंगांची पिशवी. नवा झेंडा कसा चढला, गल्लीगल्लीत दिवे कसे लागले, सगळं हसत हसत सांगत होता. अब्बांनी मुद्दाम विचारलं, "आणि लोक? शांत?"

"शांत म्हणजे काय, मासळीबाजारात भाव सोडून कुणी कशावर भांडत नाही," इद्रीस म्हणाला.

अब्बांनी अम्माकडे बघितलं, असं की जणू मुतवल्लीची निवडणूक तेच जिंकले. अम्मा म्हणाली, "जेव बाबा, गार होतंय."

शुक्रवारी निकाह झाला. गावचे म्हणून जे चार लोक कुवेतमध्ये होते ते आले, रियाज शिंप्याने माझा निकाहचा पोशाख शिवला. मेमसाहेबांनी कॉफीचे कप पाठवले, स्वतः आल्या नाहीत. खोलीत मधे जुना टेबलक्लॉथ बांधला, पलीकडे अम्मा-अब्बा, अलीकडे आम्ही. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि आनंदही इतका की काय सांगू. महिनाअखेरच्या बोटीत आमच्या जागा धरलेल्या होत्या.

रविवारी रेडिओने सांगितलं की झांझिबारमध्ये उठाव झाला. सरकार गेलं, सुलतान बोटीने पळाला. रस्त्यांवर मारामाऱ्या, दुकानं लुटली जातायत. इद्रीस ट्रान्झिस्टर कानाला लावून खोलीभर फिरत होता. एका स्टेशनवरून दुसऱ्यावर, स्वाहिलीत, अरबीत, इंग्रजीत. "आमची गल्ली आतल्या बाजूला आहे," तो परत परत म्हणत होता. "आतपर्यंत कोण येतंय?"

सोमवारी सकाळी मेमसाहेब स्वतः स्वयंपाकघरात आल्या. मी कांदा चिरत होते. त्यांचा चेहरा खरोखर उतरलेला होता, खोटं का बोलू? त्या अम्माला म्हणाल्या, "आम्हाला खात्री नव्हती, झुलेखा. कुणालाच खात्री नव्हती."

अम्माने ट्रे ओट्यावर आपटली. कप उड्या मारून फुटले, निकाहला दिलेले नव्हेत, त्यांचे. आणि खुर्ची दुसऱ्यांदा बोलली.

"पोपटाची होती की, मॅडम."

दारात उभ्या अब्बांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, गेला इकामा. पण मेमसाहेब काही न बोलता निघून गेल्या, आणि साहेबापर्यंत ते गेलंच नाही. त्याबद्दल मी त्या बाईचे उपकार मानते, बाकी कशाबद्दल नाही.

त्या आठवड्यात टेबलावर रोज पाहुणे. दार पुन्हा उघडं राहायला लागलं, आता आत लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अब्बा पुन्हा भिंतीला पाठ लावून उभे. नव्या सरकारला आधी मान्यता कोण देणार, त्यावर पैजा चालल्या होत्या. तो आफ्रिकेचा पाहुणा बैरुतला जाता जाता उतरला होता. तो म्हणाला, एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, मोजणी स्वच्छच झाली होती. अब्बांनी हे दुपारी सांगितलं तेव्हा नक्कल केली नाही.

रबियाखालाची काही खबर नव्हती. तारा जात होत्या, उत्तर येत नव्हतं. इद्रीस रोज बंदरावर जाऊन बसायचा. अम्मा रोज त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवायची आणि तो आला की वाढायची, मला वाढू द्यायची नाही. तिचा संशयी स्वभाव त्या दिवसांत कुठे गेला कोण जाणे. मासळीवाला देईल तो मासा घेऊन यायची.

वारा फिरला तशी गलबतं आफ्रिकेकडून परत यायला लागली. त्यातल्या एका गलबताचा नाखवा इद्रीसला ओळखायचा. त्याने धक्क्यावरच सांगितलं. गल्लीतले शेजारी पहिल्याच सकाळी निघाले, रबियाखालाला हाका मारल्या, दार वाजवलं. ती वरून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. नवी सून यायचीय, तिची खोली उघडी टाकून कशी येऊ?" दुपारी लुटणारे आले. ती जिन्यात आडवी उभी राहिली. शेजारी परतले तेव्हा ती जिन्याच्या पायथ्याशी होती. दफन त्यांनीच केलं.

इद्रीस आला आणि उंबऱ्यावर बसला. रडला नाही. अब्बाच रडले, एवढा मोठा माणूस, हुंदके देत. आणि रडता रडता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आम्ही जुलैपासून ऐकत होतो रे पोरा. जुलैपासून."

अम्माने त्यांचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

इद्रीसने मान वर केली. "काय ऐकत होता?"

मग अब्बांनी सगळं सांगितलं. टेबल, मतं, जागा, पियानो, पोपट, साहेबाने दिलेली खुर्ची. इद्रीस ऐकत होता. पत्राशी आले तेव्हा अब्बा थांबले, आणि पुढचं इद्रीसचं त्यालाच कळलं, कारण ते पत्र त्यानेच त्याच्या आईला वाचून दाखवलं होतं.

तो अम्माकडे वळला. "खाला, मला बोलावलंत. माझ्या आईला का नाही?"

माझी अम्मा. जिच्याकडे जगातल्या प्रत्येक माणसासाठी उत्तर तयार असायचं. तिने पदर तोंडाशी घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"खात्री नव्हती रे," ती म्हणाली.

 तिने बोलताना ऐकलं का स्वतःला? ऐकलं असणार, कारण ती लगेच घाईघाईने म्हणाली, "आणि जागा... जागा कुठे होती बाबा? एक खोली. निजवणार कुठे होते मी तिला?"

इद्रीस उठला. कोपऱ्यात गुंडाळलेली चटई त्याने काढली. आम्ही चौघं त्या खोलीत तीन महिने निजत होतो, कुणाचा पाय कुणाला लागत नव्हता. त्याने टेबलक्लॉथचा पडदा एका हाताने बाजूला केला आणि कपाट आणि भिंत यांच्यामधे, माझी शिवणाची पेटी सरकवून, चटई पसरली.

बसली. पायथ्याशी वीतभर जागा उरली.

तो त्या चटईकडे बघत उभा राहिला. अब्बा भिंतीकडे बघत होते. मी अम्माकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. साहेबाची भीती होती, पत्र उघडतील याची भीती होती, खोली लहान होती. हे सगळं खरं. पण त्या दिवशी मी सांदणं म्हटलं तेव्हा ती काहीच का बोलली नाही?

मी ते तिला तिच्या मरेपर्यंत विचारलं नाही. त्या दुपारी अम्मा खाली वाकली, चटईचा एक कोपरा दुमडला होता तो तिने हाताने सरळ केला, आणि तिथेच, चटईच्या बाहेर, जमिनीवर बसून राहिली.